आधी भट्टी, मग रोपटे

कळमन्याच्या बाजारात ओट्यावर माल टाकून हर्रासाची वाट पाहात बसलेल्या शेतकऱ्याच्या मनात हल्ली एकच प्रश्न घोळत असतो : कापूस, सोयाबीन आणि तूर ह्या तीन पिकांच्या फेऱ्यातून बाहेर पडण्यास आपणांस काही वाट आहे की नाही? हा प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारणाऱ्यास असंतुष्ट म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. 2024 च्या हंगामास सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास 4,892 रुपये जाहीर झालेला असता राज्यातील कितीतरी बाजारांत ते त्याहून उणे दराने विकावे लागले. जंगलाला लागून असलेल्या तालुक्यांत तर भावाची गोष्ट पुढची. रानडुकरे आणि रोही ह्यांच्या तडाख्यातून पीक घरी येईल तेव्हा ते बाजारात जावयाचे. अशा गांजलेल्या माणसास कोणी येऊन सांगितले की, “सुगंधी तेलाचे झाड लाव, त्याला जनावर तोंड लावीत नाही, एकदा लावलेस म्हणजे वर्षानुवर्षे कापीत राहा, आणि त्याचे तेल क्विंटलाच्या नव्हे, किलोच्या भावाने विकले जाते,” तर त्याचे मन तिकडे ओढले जाणे अगदी स्वाभाविक होय.

अशा झाडांत ऑस्ट्रेलियातील टी-ट्री हे नाव आता पुढे आहे. साबण, मलमे, केस धुण्याची द्रव्ये आणि मुरुमांवरील औषधे ह्यांच्या वेष्टनांवर हे नाव खेड्यातील दुकानातही वाचावयास मिळते. तेव्हा “हे आपल्याकडे का होऊ नये?” असा प्रश्न निघणारच. त्यावर आमचे मत आम्ही आरंभीच सांगून टाकतो. तेलाचे पीक नव्या मुलखात रुजते ते केवळ झाड जगले म्हणून नव्हे. ते रुजते गावातील भट्टीने, तेलाच्या निःपक्षपाती कसोटीने आणि उघड्या बाजाराने. ही तीन साधने जेथे नाहीत तेथे रोपटे लावणे म्हणजे आंधळ्या विहिरीत उडी टाकणे आहे. आणि ही तीन साधने जेथे आहेत तेथे विलायती झाडाच्या आधी आमच्या रानातले गवतच शेतकऱ्याच्या पदरात चार पैसे अधिक टाकील.

प्रथम हे झाड कोणते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण नावाने पुष्कळांची फसगत होते. टी-ट्रीचा आपल्या चहाशी काही संबंध नाही, आणि अंगणातल्या गवती चहाशीही नाही. शास्त्रज्ञ त्यास मेलाल्यूका आल्टर्निफोलिया म्हणतात, आणि कुळाने ते जांभूळ, पेरू व निलगिरी ह्यांचे भाऊबंद आहे. न्यू साउथ वेल्स प्रांताच्या ईशान्य भागात, क्लॅरेन्स व रिचमंड ह्या नद्यांच्या काठच्या सखल, दलदलीच्या जमिनीत ते आपोआप वाढते. तेथील बुंडजालुंग नावाचे मूळचे रहिवासी त्याचा पाला चुरडून जखमांस लावीत आले होते. 1920 च्या दशकात सिडनीच्या तंत्रसंग्रहालयातील आर्थर पेनफोल्ड ह्या रसायनशास्त्रज्ञाने ह्या तेलाची जंतुनाशक शक्ती कार्बोलिक आम्लाहून कितीतरी पट अधिक असल्याचे प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून रानातला पाला बाजाराची वस्तू झाला. दुसऱ्या महायुद्धात ह्या तेलाची मागणी वाढली. पुढे पेनिसिलीन व तत्सम औषधे आली तशी ती ओसरली. आणि 1970 नंतर नैसर्गिक वस्तूंची आवड पाश्चात्त्य देशांत पुन्हा वाढल्यावर रानातला पाला पुरेना म्हणून पद्धतशीर लागवड सुरू झाली. हे तेल बाहेरून लावावयाचे असते. पोटात घेतल्यास ते विषारी ठरते, आणि जुने, हवा लागलेले तेल कित्येकांच्या कातडीस बाधते. सर्व रोगांवर रामबाण म्हणून ह्याची जी दवंडी पिटली जाते तीवर शहाण्याने विसंबू नये.

आता कोणी म्हणेल की, संपादकमहाशय जुन्यास कवटाळून बसणारे दिसतात. तसे मुळीच नाही. ज्या नागपूरचे नाव संत्र्याने देशभर केले त्या नागपुरात संत्रेच बाहेरून आले. भोसल्यांच्या अमदानीत ते येथे आणून बागेत लावले गेले, असे परंपरा सांगते. भिवापूरची मिरची आज आमची म्हणून आम्ही मिरवितो, पण मिरचीची जात अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांनी ह्या देशी आणली. आणि सोयाबीन तर कालपरवाचे : 1980 च्या दशकानंतर ते विदर्भात पसरले आणि पाहता पाहता त्याने ज्वारीची जागा घेतली. म्हणून परके पीक हे परके आहे एवढ्यावरून त्याज्य ठरविणे हा शुद्ध सोवळेपणा होईल. परंतु ह्या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, आणि तिजकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. संत्रे, मिरची व सोयाबीन हे माल डोळ्यांनी पाहता येतात, हातात घेऊन पारखता येतात, आणि ते घेणारे एकाहून अधिक लोक एकाच ओट्याभोवती उभे राहतात. सोयाबीन वाढले ते तेल काढणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या म्हणून. जेथे घेणारे अनेक तेथे शेतकऱ्याची मान मोकळी; जेथे घेणारा एक तेथे ती त्याच्या हाती, हा बाजाराचा साधा नियम आहे.

आता भूमी आणि पाऊस ह्यांचा विचार करू. आमच्याकडे वर्षाकाठी सरासरी हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि टी-ट्रीच्या मूळ प्रदेशातील पावसाचा आकडाही ह्याहून फार दूर नाही. नुसता आकडा पाहणारा मनुष्य येथेच फसतो. तेथील पाऊस थोडाफार वर्षभर वाटला गेलेला असतो. आमचा बहुतेक सर्व पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळून जातो, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढला की आमच्या काळ्या जमिनीस हात-हात भेगा पडतात. ज्या झाडाची मुळे ओलीत राहावयास सोकावलेली आहेत त्यास हा उन्हाळा काढावयाचा म्हणजे विहिरीचे पाणी द्यावे लागणार. ज्याच्याजवळ उन्हाळ्यात पुरेसे पाणी आहे त्या शेतकऱ्यास संत्रा-मोसंबीची बाग आहेच; आणि ज्याच्याजवळ नाही, त्याच्याच दुःखावर हे औषध म्हणून सुचविले जात आहे! ह्या विसंगतीचे उत्तर पीक सुचविणाऱ्यांनी आधी दिले पाहिजे.

दुसरी अडचण बियाण्याची. टी-ट्रीच्या एकाच जातीत रासायनिक प्रकार निरनिराळे आहेत. दिसावयास झाडे सारखी. परंतु एकाच्या पाल्यात टर्पिनेन-चार-ऑल नावाचे मोलाचे द्रव्य भरपूर, तर दुसऱ्याच्या पाल्यात निलगिरीच्या तेलातील सिनिओलच अधिक. व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय मानकाची जी 2017 ची आवृत्ती आहे तिजप्रमाणे पहिले द्रव्य 35 ते 48 टक्के असावे लागते, आणि सिनिओल 10 टक्क्यांहून अधिक असता कामा नये. एका हेक्टरात तीस हजारांच्या आसपास रोपे बसतात. रोप विकणाऱ्याने चुकीच्या प्रकारचे बी वापरले असेल तर ते शेतकऱ्यास पहिल्या कापणीपर्यंत, म्हणजे वर्ष-दीड वर्षपर्यंत, कळण्याचा मार्ग नाही. आणि कळेल तेव्हा रोपांचे पैसे रोपे विकणाऱ्याच्या खिशात गेलेले असतील. ह्या धंद्यात सर्वांत आधी व सर्वांत निर्धास्तपणे पैसा मिळतो तो रोपे विकणाऱ्यास, ही गोष्ट प्रत्येक शेतकऱ्याने गाठीस बांधून ठेवावी. सफेद मुसळीच्या व जट्रोफाच्या वेळी आम्ही हेच पाहिले आहे. कंद व रोपे विकली गेली. माल तयार झाला तेव्हा घेणारा दिसेना.

हा प्रकार केवळ आमच्या भोळ्या शेतकऱ्यांच्याच वाट्यास येतो असे नाही. खुद्द ऑस्ट्रेलियाकडे पाहा. 1990 च्या दशकात तेथे टी-ट्रीची लाट आली. ज्यांनी शेतीचे तोंड पाहिले नव्हते अशा शहरी नोकरदारांनीही करात सवलत मिळते म्हणून लागवड-योजनांत पैसा घातला. झाडे वाढली, तेल निघाले, आणि तेल मागणीपेक्षा अधिक झाल्याबरोबर शतक संपण्याच्या सुमारास भाव कोसळले. अशाच एका टी-ट्री लागवड-योजनेचे प्रकरण 2004 साली तेथील फेडरल न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे आले, तेव्हा योजनेतील प्रमुख हेतू कर वाचविण्याचा होता असे ठरवून न्यायालयाने मागितलेली सवलत नाकारली. पुढे चीननेही लागवड केली, आणि दुसऱ्या झाडांच्या तेलांतील द्रव्ये मिसळून बनविलेले खोटे तेल खऱ्याच्या नावाने जगभर विकले जाऊ लागले. ज्या देशाचे हे झाड, ज्या देशात प्रयोगशाळा, यंत्रे व भांडवल ह्यांची वाण नाही, त्या देशाची ही कथा. तेव्हा उमरेड किंवा काटोलच्या पाच एकरांच्या मालकाने ह्या वाटेवर पाऊल टाकण्यापूर्वी दोनदा विचार केला तर त्यास कोणी भित्रा म्हणू नये.

परंतु परदेशाची गोष्ट कशास? सुगंधी तेलाचा धंदा आमच्या मुलखास नवा नाहीच. सातपुड्याच्या दोन्ही अंगांस, खानदेश, नेमाड, बैतूल व मेळघाट ह्या भागांत रोशा नावाचे गवत रानोमाळ उगवते. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, शहादे व तळोदे ह्या बाजूस त्याच्या भट्ट्या ओढ्यांच्या काठी पेटत. गवत फुलावर आले की कापावयाचे, डेगीत पाण्यासह उकळावयाचे, आणि वाफ नळीतून थंड पाण्यात नेऊन तेल वरचेवर काढून घ्यावयाचे, असा हा साधा हुन्नर. हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई, आणि तेथून बल्गेरियातील गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी मिसळले जाई. युरोपातील व्यापारी त्यास कित्येक वर्षे ‘तुर्की जिरेनियम’ म्हणत होते. ते सातपुड्यातल्या गवताचे आहे हे तेलावर कोठेही लिहिलेले नसे. आमच्या रानातला सुगंध, नाव तुर्कांचे, आणि मोल गुलाबाचे! गवत कापणाऱ्या भिल्ल-कोरकूंच्या पदरात पडली ती मजुरी. मक्ता जंगलखात्याकडून घेणाऱ्या ठेकेदाराकडे गेला नफा. आणि तेलाची किंमत ठरविण्याचा अधिकार सातासमुद्रापलीकडे राहिला.

ह्या व्यापाराच्या ऱ्हासाची कारणमीमांसा करताना सारा दोष परक्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु खरे बोलावयाचे तर आमच्या लोकांचाही त्यात वाटा होता. रोशाचे तेल ज्या कामास जाई ते काम भेसळीचे. आणि ते जात असता वाटेतच त्यात टर्पेंटाइन, रॉकेल, भुईमुगाचे तेल मिसळले जाई. भेसळीच्या द्रव्यातही भेसळ! शिवाय रोशाच्या दोन जाती आहेत, मोतिया व सोफिया. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल हे मोलाचे द्रव्य 75 ते 90 टक्क्यांपर्यंत असते. सोफियाचे तेल हलके. दोन्ही गवते एकत्र कापून एका डेगीत घातली की चांगल्याचेही मोल वाईटाबरोबर खाली येई. खरेखोटे पारखण्याचे साधन उत्पादकाजवळ नव्हते, म्हणून प्रामाणिक माणसास त्याच्या प्रामाणिकपणाचा मोबदला मिळत नव्हता. आणि ज्या धंद्यात प्रामाणिकपणास मोबदला नाही त्यात प्रामाणिक मनुष्य फार काळ टिकत नाही. रोशाच्या व्यापाराने आम्हांस शिकविलेला धडा हाच, आणि टी-ट्रीच्या प्रश्नाचे मर्मही ह्यातच आहे.

आता ह्याच्या उलट बाजूचे एक उदाहरण पाहू, म्हणजे आम्ही नुसते भय दाखवितो असे कोणास वाटणार नाही. जपानी पुदिना हा आमच्या देशी 1950 च्या दशकात आला. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने (तिची स्थापना 1959 ची) शिवालिक, हिमालय, कोसी अशा त्याच्या सुधारलेल्या जाती शेतकऱ्यांच्या हाती दिल्या. बाराबंकी, रामपूर, बदायूँ ह्या जिल्ह्यांत गावोगाव लहान भट्ट्या उभ्या राहिल्या. चंदौसीसारख्या गावी तेलाची पेठ वसली. आणि 2005 पासून पुदिन्याच्या तेलाचे वायदे मुंबईच्या मल्टी कमॉडिटी एक्स्चेंजमध्ये होऊ लागले. जो देश एके काळी मेंथॉल बाहेरून आणीत असे तो आज पुदिन्याच्या तेलात जगात पहिला आहे. हे कशाने झाले? पीक तीन-साडेतीन महिन्यांचे, रब्बी निघाल्यावर व खरीप सुरू होण्यापूर्वी रिकाम्या शेतात घेता येणारे. म्हणून एखादा हंगाम फसला तरी घर बसत नाही. भट्टी गावात, म्हणून पाला दूर न्यावा लागत नाही. तेल डब्यात भरून घरात ठेवता येते. म्हणून भाव पडला तर थांबता येते. आणि पेठ उघडी. म्हणून आजचा भाव काय हे लहान शेतकऱ्यासही कळते. ह्या पिकासही कारखान्यात बनविलेल्या कृत्रिम मेंथॉलचे भय आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण संकट आले तरी शेतकरी एका खरेदीदाराच्या दारात बसलेला नाही, हा भेद मोठा आहे.

टी-ट्रीस ह्याच कसोट्या लावा. पीक बहुवार्षिक, म्हणजे फसले तर जमीन अडकून पडली. शंभर किलो ओल्या पाल्यातून तेल निघणार एक किलोच्या मागेपुढे, आणि रोशाच्या शंभर किलो गवतातून अर्धा किलोच्या मागेपुढे. तेव्हा ज्या गावापासून भट्टी तीस-चाळीस कोस दूर आहे त्या गावच्या शेतकऱ्याने नव्याण्णव भाग पाणी व काडी गाडीत घालून वाहून न्यावयाची, आणि भाडे भरावयाचे. पाला कापल्यावर पडून राहिला तर सुगंधाची हानी. म्हणजे भट्टीचा मालक जो दर सांगेल तो मुकाट्याने घ्यावयाचा. ऊस कारखान्याच्या दारात रांगेत वाळत उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांस ह्याचा अर्थ अधिक फोडून सांगावयास नको.

आणि येथेच कळमन्याचा प्रश्न येतो. ह्या बाजारात संत्र्याचा ढीग पाहून व्यापारी बोली लावतो, मिरचीचा रंग पाहून भाव सांगतो, धान्य मुठीत घेऊन दाणा पारखतो. तेलाचा डबा मात्र मुका असतो. शुद्ध तेल व मिसळीचे तेल डोळ्यांस सारखेच दिसते, आणि सरावलेले नाकही कैक वेळा फसते. त्याची परीक्षा होते ती गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रावर, जे तेलातील प्रत्येक द्रव्य वेगळे करून त्याचे प्रमाण दाखविते. हे यंत्र ज्याच्या हाती, भाव त्याच्या हाती. आज व्यवहार असा की, तेल शेतकऱ्याचे, यंत्र खरेदीदाराचे, आणि “तुमच्या तेलात अमुक द्रव्य कमी निघाले” हा निकालही खरेदीदाराचाच. एकच मनुष्य वादी, साक्षीदार आणि न्यायाधीश व्हावा, असा हा न्याय आहे!

ज्यांस वाटत असेल की करार केला म्हणजे सर्व सुरक्षित झाले, त्यांच्यासाठी कायद्याची दोन वचने सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. 1872 च्या करारविषयक कायद्याच्या 29 व्या कलमाप्रमाणे ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही व निश्चित करताही येत नाही तो करार रद्दबातल होय. 1930 च्या मालविक्रीच्या कायद्याचे 9 वे कलम थोडे उदार आहे : किंमत ठरलेली नसेल तर घेणाराने वाजवी किंमत द्यावी, आणि वाजवी म्हणजे किती हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरवावे, असे ते म्हणते. सोयाबीनच्या बाबतीत ही वस्तुस्थिती सिद्ध करणे सोपे आहे. कळमन्याच्या त्या दिवशीच्या भावाचा उतारा हजर केला की काम झाले. परंतु ज्या तेलास येथे उघडा बाजारच नाही, त्याची ‘बाजारभावाने खरेदी’ करण्याचे वचन म्हणजे बाजारात तुरी! न्यायाधीशाने बाजारभाव कोठून पाहावा? पुराव्याचा बोजा शेतकऱ्यावर, आणि पुरावा मिळण्याची जागाच अस्तित्वात नाही. त्यात तंट्याचा निकाल दूरच्या शहरातील लवादाने करावा असे कलम बारीक अक्षरात घातलेले असले, म्हणजे ज्याचा दावा पन्नास हजारांचा आहे तो तेथे जाऊन लाखाचा खर्च करील काय? म्हणून आमचे सांगणे असे की, ज्या करारात रोपाच्या प्रकाराची लेखी हमी, तेलाची किमान किंमत आकड्यात, परीक्षा कोणी करावयाची त्या तटस्थ संस्थेचे नाव, आणि तंट्याचे ठिकाण आपलाच जिल्हा, ह्या चार गोष्टी नाहीत, त्यावर अंगठाही उठवू नये व सहीही करू नये.

मग करावे काय? नुसता निषेध करून थांबणे आमच्या धोरणात बसत नाही. पहिली गोष्ट, आरंभ रोशा व गवती चहा ह्यांपासून व्हावा. ही गवते आमच्या उन्हास सरावलेली आहेत, हलक्या जमिनीत व थोड्या पाण्यात तग धरतात, सुगंधामुळे जनावरे त्यांस सहसा तोंड लावीत नाहीत, आणि न साधली तर नांगरून टाकता येतात. टी-ट्रीची चार-दोन गुंठ्यांत परीक्षा घ्यावयाची असेल तर ती अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने आपल्या नागार्जुन वनौषधी उद्यानात किंवा नागपूरच्या कृषी महाविद्यालयाने आपल्या शेतावर घ्यावी. हे महाविद्यालय 1906 साली निघाले ते अशाच कामासाठी. तीन उन्हाळे झाड काढते काय, तेल किती देते, त्यात मोलाचे द्रव्य किती, हे आकडे मराठीत छापून गावोगाव पोहोचवावेत. प्रयोगाचा खर्च सार्वजनिक संस्थेने सोसावयाचा असतो. तो शेतकऱ्याच्या कर्जातून होता कामा नये.

दुसरी गोष्ट, भट्टी शेतकऱ्यांच्या मालकीची असावी. 2002 साली कंपनी-कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांस आपली उत्पादक कंपनी काढण्याचा हक्क मिळाला आहे. दहा-पंधरा गावांत मिळून एक भट्टी, तिचा हिशेब उघडा, पाळी ठरलेली, आणि प्रत्येकाच्या गवताचे व तेलाचे वजन त्याच्यासमक्ष लिहिले जावे. जेथे रोशा जंगलात आहे तेथे 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरील हक्क गावास मिळू शकतात. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाने ह्याच कायद्याच्या आधारे 2011 साली आपला बांबू आपण विकून दाखविला आहे. बांबूस जे साधले ते गवतास का साधू नये? पूर्वीच्या ठेकेदाराच्या जागी पुन्हा ठेकेदारच बसवावयाचा असेल, तर शंभर वर्षांत आम्ही काय शिकलो?

तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची, कसोटीची खोली. तेलाची परीक्षा करणारे ज्ञान आमच्या शहरात नाही असे कोण म्हणेल? कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण ह्यांनी आपली संपत्ती तंत्रशिक्षणास अर्पण केली, आणि तीतून 1942 साली नागपुरात उभी राहिलेली संस्था तेव्हापासून तैलतंत्राचे शिक्षण देत आली आहे. 2023 साली तिला विद्यापीठाचे रूप आले. त्या संस्थेची प्रयोगशाळा आणि कळमन्याचा बाजार एकाच शहरात असून त्यांची ओळख नसावी, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. बाजारसमितीने ह्या संस्थेशी करार करून कळमन्यात तेलाचा नमुना घेण्याची सोय करावी. नमुन्याचे तीन भाग करून मोहोरबंद करावे : एक शेतकऱ्याजवळ, एक घेणाऱ्याजवळ, एक समितीजवळ. परीक्षेचा दाखला डब्यास लावून आठवड्यातून एक दिवस त्या दाखल्यावर हर्रास व्हावा, आणि भाव फलकावर लिहिला जावा. आरंभी डबे थोडे येतील, घेणारे थोडे येतील, हरकत नाही. ज्या दिवशी पहिला भाव फलकावर लागेल त्या दिवशी न्यायालयापुढे ठेवावयाचा पहिला पुरावा शेतकऱ्याच्या हाती येईल.

ह्यावर दोन आक्षेप येण्यासारखे आहेत. एक असा की, इतकी तयारी करीत बसलो तर संधी निघून जाईल, दुसरे प्रांत पुढे जातील. आम्ही विचारतो, ऑस्ट्रेलियात जे घाईने पुढे गेले त्यांस भाव पडण्याच्या आधी पोहोचल्याचे सुख किती दिवस लाभले? तेलाचा जागतिक बाजार लहान असतो. त्यात थोडे तेल अधिक आले की भाव घसरतात. अशा बाजारात सर्वांत आधी पोहोचण्यापेक्षा सर्वांत विश्वासू म्हणून ओळखले जाणे हे अधिक टिकाऊ भांडवल होय. दुसरा आक्षेप असा की, सरकारने ह्या तेलास हमीभाव द्यावा म्हणजे सर्व प्रश्न सुटतील. ज्या सोयाबीनला हमीभाव आहे त्याची गत आम्ही आरंभीच सांगितली. सरकारने साहाय्य जरूर करावे. परंतु ते भट्टी, यंत्र व प्रयोग ह्यांच्या रूपाने करावे, रोपांवरील अनुदानाच्या रूपाने नव्हे. रोपांवरील अनुदान अखेर रोपे विकणाऱ्याच्याच घरी जाते.

आमच्या सुशिक्षित तरुणांसही दोन शब्द सांगावयाचे आहेत. दरवर्षी ह्या शहरातून रसायनशास्त्राचे, कृषिशास्त्राचे व कायद्याचे पदवीधर बाहेर पडतात आणि नोकरीसाठी पुण्या-मुंबईची वाट धरतात. त्यांतील दहा जण जरी एका भट्टीमागे, एका प्रयोगशाळेमागे आणि एका बिनचूक करारनाम्यामागे उभे राहिले, तरी हजार शेतकऱ्यांचे घर सावरेल. देशसेवा ही सभेत टाळ्या वाजविण्यात जितकी असते त्याहून अधिक ती तराजू खरा ठेवण्यात असते.

टी-ट्रीशी आमचे वैर नाही. तीन उन्हाळ्यांच्या परीक्षेत ते झाड उतरले, त्याचे तेल कसोटीस लागले, आणि कळमन्याच्या फलकावर त्याचा भाव झळकला, तर त्याचे स्वागत ह्याच स्तंभात आम्ही मोकळ्या मनाने करू. संत्र्यास ज्या भूमीने आपले म्हटले ती भूमी आणखी एका पाहुण्यास नाही म्हणणार नाही. मात्र तोपर्यंत बाजारसमितीच्या सभासदांस आमची एकच सूचना आहे : रोपांचे दुकान कळमन्याच्या दाराशी लागण्याच्या आधी कसोटीची खोली आत उघडा. आणि शेतकरी बंधूंस विनंती अशी की, कोणी रोप घेऊन दारी आला तर त्यास प्रथम भट्टी कोठे आहे, तेल तपासणार कोण आणि घेणारे किती, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे मिळेपर्यंत कनवटीचा पैसा कनवटीसच असू द्या.